व्हॅनची काच कव्हा बदलायची

आमच्या घरात काचेच्या वस्तूला 'फुटली' म्हणत नाहीत. धंदाच बांगड्यांचा. धामणगाव बढ्याच्या आजूबाजूचे आठवडी बाजार आणि वर्षातल्या दोन-चार जत्रा आम्ही नवराबायको व्हॅन घेऊन करतो. बांगडी हातातून सुटून फरशीवर पडली, तिचा चुरा झाला, तरी 'वाढवली' असंच म्हणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चूल दाखवायच्या आधी मला हे शिकवलं. जीभ इतकी वळली की एकदा आरसा पडला तर मी शेजारणीला तोही वाढवला म्हणून सांगितलं. ती अजून हसते.

तर उन्हाळ्यात मोताळ्याहून येताना पुढच्या टिप्परमधून खडी उडाली आणि आमच्या व्हॅनच्या समोरच्या काचेला टण्णकन लागली. आमच्या ह्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, काचेवरून अंगठा फिरवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "वाढवली." झालं! वाटाण्याएवढा डाग होता आणि त्यातून एक केसासारखी रेघ निघाली होती. मी म्हटलं, "आता बदला." ते म्हणाले, "काही झालंच नाई तर काय बदलू?"

खरं सांगते, त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या घरात कोणी 'फुटली' म्हणतच नाही, त्यामुळे काच फुटल्याचं जाहीर कोण करणार? महिने गेले, रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचली, तरी आमच्या घरात ती काच धडधाकट होती.

पानठेल्यावर मात्र सगळ्या गावाला काळजी. कोणी म्हणे डागाला मेण भरा, कोणी म्हणे टेप लावा. एकाने सांगितलं नेलपॉलिश लावा, रेघ जागच्या जागी थांबते. ह्यांनी ते मनावर घेतलं. नेलपॉलिश तर आमच्या दुकानातच! बिनरंगी बाटली काढतो म्हणाले आणि ऐटीत बसून कुंचल्याने त्या डागावर थर दिला. लांब होऊन पाहतात तो मी पोट धरून हसतेय. थर गुलाबी होता, तोही चमकीचा.

"तूच बाटल्या उलट्यापालट्या ठेवते," म्हणाले.

"हाव, मीच रंग बदलला रात्रीतून," मी म्हटलं. "आता टिकली बी लावा तिले, म्हणजे लगनाले नेता येईन."

रेघ काही थांबली नाही. मी मागे लागले आणि ह्यांनी तारखा द्यायला सुरुवात केली. आधी म्हणाले पासिंगले गाडी नेऊ तव्हा बदलू. पासिंगला पुष्कळ अवकाश होता. मग आषाढ लागला, आषाढात नवं काही करू नये. मग श्रावण, श्रावणात आमचा हंगाम, गाडी एक दिवस उभी ठेवायला सवड कोणाला? मग म्हणाले पितरपाठात तर कोणी सुई बी घेत नाई, आता सरळ दसऱ्याले बदलू, गाडीची पूजा बी होऊन जाईन. कॅलेंडरवर सण कमी आणि ह्यांचे बहाणे जास्त झाले होते.

दरम्यान गाडी चालवण्याची तऱ्हा बदलली. आधी मी शेजारी बसून निवांत शेंगा खायचे. आता माझी बढती झाली. "ते समोर काय हाय वं?" "गाय हाय." "उभी हाय का चालून राह्यली?" "उभी हाय, तुमचीच वाट पाहून राह्यली." "ह्या काचीनं लय त्रास देल्ला बाप्पा, उजेड सारा फाकते." मी म्हणायचे, मग बदला ना! ते म्हणायचे, दसऱ्याले. आणि आम्ही पुढच्या गाईकडे निघायचो.

महालक्ष्म्यांच्या आधीचा बाजार होता. बायकांची ही गर्दी! हे एका गादीवर बसून बांगड्या भरत होते, मी दुसरीवर. बांगडी भरण्यात ह्यांचा हात धरणारा आमच्या भागात नाही. नुसता तळवा दाबून माप सांगतात, आणि गप्पा अशा मारतात की बाईला बांगडी कधी चढली ते कळत नाही. दुपारी एक बाई उन्हाकडे पाठ करून समोर बसली आणि काही न बोलता हात पुढे केला. ह्यांनी हात घेतला, दाबला.

"दोन-सहा बसन, ताई. हिरव्या देऊ का?" बाईने मान हलवली. ह्यांनी भरायला घेतल्या. चार बांगड्या चढल्यावर सवयीने विचारलं, "कोण्या गावच्या तुम्ही?"

"मेल्या, तुह्याच बापाच्या गावची!"

ती माझी नणंद होती. ह्यांची सख्खी मोठी बहीण. ज्या बहिणीने कडेवर घेऊन फिरवलं तिला हे गाव विचारत होते. सगळा बाजार हसला. नणंद तर डोळ्याला पदर लावून हसत होती, म्हणाली, "राखी बांधाले येऊन गेली ना रे मी, इतक्यात विसरला?" हेही हसले, म्हणाले, मी गंमत करून राह्यलो होतो. सगळ्यात जास्त मी हसले.

आणि हसता हसताच माझं हसू सुकलं. त्या दोघांच्या मध्ये काच कुठे होती?

संध्याकाळपर्यंत माझ्या हातून धड माप निघेना. एकेक गोष्ट आठवायला लागली. गुलाबी नेलपॉलिश. जेवताना भाजीतली मिरची चावल्यावर कळायची. मोबाइल नाकाजवळ धरून मग बोट लावायचं. आणि प्रत्येक वेळी काहीतरी दोषी असायचंच, कधी बल्ब, कधी धूर, कधी ऊन, आणि गाडीत ती बिचारी काच. मी स्वतःला शहाणी समजते, साऱ्या गावाची लफडी मला आधी कळतात, आणि शेजारी बसणाऱ्या माणसाला दिसत नाही हे नणंदेला चार बांगड्या चढेपर्यंत कळू नये!

ते काच का बदलत नव्हते हे मला त्या दिवशी समजलं. काच वाढलेली होती तोवर सगळा दोष तिचा होता. ती नवी झाली आणि तरी धुरकट दिसलं, की मग दोष द्यायला कोणी उरत नव्हतं.

माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या काळात ऑपरेशन केलं आणि डोळा गेला. मग दुसऱ्याला त्यांनी हातच लावू दिला नाही. पुढची सगळी वर्षं ते दारातल्या खाटेवर बसून होते. कोण आलं, कोण गेलं, विचारत राहायचे. ह्यांनी ते रोज पाहिलं. एवढा तोंडाळ माणूस, पण बापाच्या खाटेविषयी मी कधी त्यांना एक शब्द बोलताना ऐकलं नाही. त्यात आमचा मुलगा पुण्यात. त्याचं फोनवर एकच टुमणं, बाबांचं वय झालं, गाडी विकून टाका. डोळ्यांचं त्याच्या कानावर गेलं असतं तर व्हॅन महिनाभरही दारात राहिली नसती. आणि व्हॅन गेली तर हे खाटेवर, असा ह्यांचा सरळ हिशोब होता.

मग काय, मी काचेचं नावच टाकलं. मला दया आली होती. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याची दया येते तेव्हा ती गप्प बसते, आणि तेच नवऱ्याला सहन होत नाही. दोन बाजार गेले. शेवटी तेच म्हणाले, "काऊन वं, काच नाई बदलायची का आता? आजारी-बिजारी हाय का तू?"

"दसऱ्याले बदलू म्हटलं ना तुम्ही."

"म्हटलं. पण तू भांडली नाई."

माझी दया फार दिवस टिकली नाही. पितरपाठात धंदा नसतो म्हणून आम्ही माल आणायला निघालो होतो. सकाळचं लख्ख ऊन, रस्ता मोकळा. मी नुसती समोर पाहत होते आणि पाहता पाहता ओरडले, "बकऱ्या! अहो, बकऱ्या!" ह्यांनी करकचून ब्रेक मारला. मागची खोकी पुढे आली. बकऱ्या निवांत पलीकडे गेल्या आणि त्यांच्या मागून एक म्हातारी काठी टेकत गेली. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ह्या काचीनं..." ते म्हणाले.

मला भीती वाटली, खूप वाटली. आम्ही दोघं मेलो असतो तर गोष्ट वेगळी, पण ती म्हातारी कोणाची तरी आई होती. आणि दसरा झाला की आम्हाला बालाजीच्या जत्रेला देऊळगाव राजाला जायचं होतं. म्हणजे राजूरचा घाट चढून बुलढाणा, चिखली आणि पुढे. वर्षाची सगळ्यात मोठी जत्रा आमची. त्या घाटात, त्या गर्दीत, हे मला विचारणार, समोर काय हाय वं?

घरी आल्यावर मी मलकापूरच्या काचवाल्याला फोन लावला. घट बसू दे, दुसऱ्या माळेला घरी येऊन काच टाकून दे म्हटलं. ह्यांना कळलं तेव्हा केवढा थयथयाट! "दसरा दहा दिवसांवर हाय, इतकी घाई कायले? मले इचारलं का? गाडी माही हाय का तुही?" मी म्हटलं, "गाडी तुमची, पण बाजूले बसून मरणारी मी हाय."

दुसऱ्या माळेला सकाळी काचवाला आला. नवी काच गोधडीत गुंडाळून आणली होती, वर कंपनीचा कागद तसाच चिकटलेला. त्याने जुनी काच आतून पायाने दाबून काढली, नव्या काचेच्या कडेला रबर चढवलं, रबरात दोरी घातली आणि आत बसून ती दोरी हळूहळू ओढत काच बसवली. हे त्याच्या डोक्यावर उभे राहून सूचना देत होते. मी जुनी काच पाहिली. ओट्याला टेकून ठेवलेली, गुलाबी ठिपक्यासकट. मला उगाच वाईट वाटलं. कोणाचं पाप तिने किती दिवस अंगावर घेतलं होतं!

"बसा काका, पाहून घ्या," काचवाला म्हणाला. "काच हाय का नाई, समजणार नाई तुम्हाले."

हे स्टिअरिंगवर बसले. समोर पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आतून काच पुसली. पुन्हा पाहिलं. उतरून बाहेरून पुसली. तोंडाची वाफ देऊन पुन्हा आतून पुसली. मग काचवाल्यावर घसरले. "काच कोणती देल्ली बे? जुनी उचलून आणली का कोठून? धुकट हाय सारी!"

"काका, कागद तुमच्यासमोर काढला ना राजा मी!"

"कागद काढला म्हणजे नवी झाली का? मले शिकवतं का? काचीतच जिंदगी गेली माही!"

काचवाल्याने माझ्याकडे पाहिलं. एरवी भांडणात मी मागे हटणारी नाही, बाजारात दोघं मिळून समोरच्याला पळवून लावतो आम्ही. त्या दिवशी मी अंगणातून चालत गेले आणि गाडीच्या नाकासमोर उभी राहिले. समोरून ऊन माझ्या तोंडावर येत होतं. त्यांच्या आणि माझ्या मध्ये ती कोरी काच. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि जीभ बाहेर काढली. चांगली हनुवटीपर्यंत. या वयात, नवरात्रात, भर गल्लीत. काचवाला फस्सकन हसला. मी डोळे वटारून पुन्हा काढली.

हे माझ्याकडेच पाहत होते. गंभीर चेहऱ्याने.

"काय उभी राह्यली तिथी?" आतून म्हणाले. "सांग त्याले काही. आन् हा काऊन हासून राह्यला?"

मला हसूच आलं नाही. मी बाजूला जाऊन त्यांच्या खिडकीला हात लावला.

"मी तुम्हाले जीभ दाखवली," मी हळूच म्हटलं. "दोनदा."

"कव्हा?"

"आत्ता. इथीच. तुमच्या तोंडासमोर."

त्यांनी समोर पाहिलं, मी नव्हते तिथे. मग माझ्याकडे पाहिलं. मी इतकी जवळ होते की त्यांना माझे डोळे दिसले असावेत. दुपट्ट्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. काचवाला दोरी गुंडाळत दुसरीकडे पाहत होता.

त्यांनी किल्ली काढली आणि खिडकीतून माझ्या हातावर ठेवली. मला गाडी चालवता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

"काही बोलू नको त्याले," ते म्हणाले. "काच चांगली हाय."