खालच्या काकांचे ससे

मे महिन्यात भर दुपारी, वाशीच्या घामट हवेत, डोक्यावर जाड फेल्टची हॅट घालून कोथिंबिरीची जुडी आणायला जाणारा माणूस उभ्या नवी मुंबईत एकच होता, आणि तो आमच्या घराच्या बरोबर खाली राहत होता. आम्ही पहिल्या मजल्यावर आणि ते तळमजल्यावर, म्हणून ते आमचे खालचे काका. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, खाली पायजमा, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी, आणि डोक्यावर मात्र थेट साहेबाची हॅट. रुंद कड, माथ्याला पुढून दोन बोटांनी चिमटल्यासारखा खळगा, भोवती रेशमी फीत आणि फितीत खोचलेलं एक पीस. स्टॅंडवर नवा आलेला रिक्षावाला हमखास विचारायचा, "काय काका, शूटिंग हाय का?" काका गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "न्हाई, कोथिंबीर हाय." हॅटला कोणी टोपी म्हटलं तर मात्र ते तिथल्या तिथे थांबून त्याची चूक दुरुस्त करत. टोपी लग्नात टॉवेलाबरोबर देतात, ही हॅट आहे, असं त्यांनी एकदा ट्रॅफिक पोलिसालाही ऐकवलं होतं, आणि तेही सिग्नल सुटलेला असताना.

काका मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचा जन्म गेला तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत, आणि तो सगळा पिवळ्या प्लास्टिकच्या हेल्मेटखाली गेला. कंपनीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, पण हेल्मेटवर त्यांचा खुनशी राग होता. "पगार दिला, बोनस दिला, दिवाळीला मिठाई दिली, पण टाळूला वारा लागू दिला न्हाई बघा," असं ते म्हणायचे. एकदा कुठल्याशा थंड देशातून मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आला होता. काकांनी त्याला डब्यातली भाकरी आणि ठेचा खायला शिकवला, त्यानं काकांना हातवाऱ्यांनी बायकोमुलांची हकिगत सांगितली. तो परत गेला त्या दिवशी त्याची तपकिरी हॅट खुंटीवरच राहिली. काका ती घेऊन गेटपर्यंत धावले, पण गाडी निघून गेलेली. कोणीतरी मागायला येईल म्हणून त्यांनी ती लॉकरमध्ये जपून ठेवली, पार निवृत्त होईपर्यंत. कोणी आलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी हेल्मेट जमा केलं, हॅट डोक्यावर चढवली आणि कंपनीच्या बसनं तसेच घरी आले. काकूंनी दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

तिथून हा नाद वाढत गेला. एके काळी आपल्याकडेही वकील, डॉक्टर, रेल्वेतले साहेब अशा हॅटा घालायचे, आणि त्यांच्या नातवंडांनी त्या पोटमाळ्यावर टाकून दिल्यात, हे एकदा कळल्यावर काका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचे फोटो बघू लागले. नेरूळला एका ओळखीच्या घरी आजोबा गेले, म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. फोटोत आजोबा तरुणपणचे, करड्या हॅटमधले. काका त्या फोटोसमोर जे उभे राहिले ते हलेचनात. डोळे भरून आलेले. घरच्यांना वाटलं, किती जुना जिव्हाळा असेल! मुलानं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा काकांनी हळूच विचारलं, "कुठं असंल हो आता?" मुलगा गहिवरून म्हणाला, "आत्म्याचं काय सांगावं काका, देवाजवळ." मी काकांचा सदरा मागून ओढत होते, पण उपयोग झाला नाही. तेराव्यानंतर त्या मुलानं ती करडी हॅट स्वतः घरी आणून दिली, हे सांगायलाच हवं. काकांवर फार वेळ कोणाला रागावता येत नसे.

काकू कडक शाकाहारी. फेल्ट म्हणजे सशाचे केस दाबून दाबून केलेलं जाड कापड असतं, हे काकांनी त्यांच्यापासून बरीच वर्षं लपवलं आणि एका रविवारी आमच्यासमोर उत्साहाच्या भरात बोलून बसले. काकूंनी कपाटाकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून सगळ्या हॅटांचं नाव "ससे" पडलं. "आज कुठला ससा घेऊन निघालात?" "पाहुणे यायचेत, कॉटवरचे ससे उचला." या सशांचं संगोपन हा काकांचा पूर्णवेळ उद्योग होता. खाडीकाठची हवा ही त्यांची जन्माची वैरीण. पावसाळ्यात भिंतींना जिथे बुरशी येते तिथे हॅटांची काय कथा! म्हणून सोसायटीत कोणी नवे बूट घेतले की खोक्यातली ओल शोषणारी पुडी काकांकडे पोचवायची, असा अलिखित नियमच होता. हॅटा राहायच्या केकच्या मोठ्या खोक्यांतून. गडद रंगांना एक ब्रश, फिक्यांना दुसरा, आणि ब्रश फिरवायचा तो घड्याळाच्या उलट दिशेनं. फितीत खोचायला पिसं लागायची, त्यामुळे ज्या कबुतरांच्या नावानं सगळी इमारत बोटं मोडत असे, त्यांच्याकडून काहीतरी मिळवणारे काका हे एकटेच होते.

आकार बिघडलेल्या हॅटला वाफ द्यावी लागते. ही वाफ काका कुकरच्या शिटीवर घेतात इथपर्यंत मला ठाऊक होतं. पण एका वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी काकूंना दिलेलं माझं मोदकपात्र परत आलं, आणि चाळणीत एक बारीक तपकिरी केस सापडला. मी रत्नागिरीची. मोदकपात्र म्हणजे आमच्याकडे जवळजवळ देवाचं भांडं. ते घेऊन मी तरातरा खाली गेले. काका हात जोडून उभे. "ताई, शपथेवर सांगतो, आत न्हाई ठेवली. वरनं नुसती वाफ घेतली." आतून काकू म्हणाल्या, "नवीन घेऊन द्या तिला, आणि ते ठेवा तुमच्या सशाला." माझ्या नव्या मोदकपात्रातले मोदक त्या वर्षी काकांनी सगळ्यांत जास्त खाल्ले.

हॅट कधी कडेवर ठेवायची नाही, उलटी, माथ्यावर ठेवायची, नाहीतर कडेचा डौल जातो, हा त्यांचा सगळ्यांत मोठा नियम. बाकी काही चाललं असतं, हे चालत नसे. देवळात जाताना त्यांनी एकदा हॅट नियमाप्रमाणे बाहेरच्या ओट्यावर उलटी ठेवली. दर्शन घेऊन येतात तो आत नाणी आणि एक केळं. काकांनी पैसे दानपेटीत टाकले, केळं दारातल्या गाईला दिलं आणि घरी येईपर्यंत चिडचिड केली. लोकांनी भिकारी समजल्याचं दुःख नव्हतं. केळं कुणाच्या तरी ओल्या हातचं होतं आणि आतल्या अस्तराला डाग पडला होता.

मग आमची इमारत पुनर्विकासाला गेली. जुनी, गळकी, स्लॅबचे टवके पडणारी इमारत, कधीतरी जायचीच होती. तीनेक वर्षांसाठी प्रत्येकानं आपापली सोय बघायची होती. काकांनी जवळच्याच गावठाणात एक खोली बघितली. घरमालक तिथले जुने गाववाले, सरळ माणूस. सामान बघायला आले आणि केकच्या खोक्यांची थप्पी बघून दारातच थबकले. "काका, रूम मानसांना दिली हाय, टोप्यांना नाय. पावसात वरतून पानी गलतं, मी पैलेच बोल्लो हाय तुमाला." टोपी म्हटल्यावरही काकांनी त्यांची चूक दुरुस्त केली नाही, तेव्हा आम्हाला कळलं की प्रकरण गंभीर आहे. त्या दिवसांत काका जेवायचे नाहीत नीट. "माणसं कुठंबी ऱ्हातात ताई," ते मला म्हणाले, "पण ह्या एका पावसाळ्यात संपतील."

सोसायटीच्या शेवटच्या सभेला काका शिंप्याची टेप घेऊन आले आणि एकेकाच्या डोक्याचं माप घेऊ लागले. आम्ही महिनाभर बिल्डरला आधार कार्ड दे, लाइटबिल दे, फोटो दे, असंच करत होतो, त्यामुळे हेही त्यातलंच असेल असं समजून सगळ्यांनी मुकाट्यानं डोकी पुढे केली. माझ्या नवऱ्यानं तर विचारलंसुद्धा, "झेरॉक्स लागेल का?" मापं झाल्यावर काका सभेसमोर उभे राहिले. "तुमी आता पांगणार. माझं एवढंच मागणं हाय, प्रत्येकानं एक हॅट न्यायची. नुसती ठेवायची न्हाई, आठवड्यातनं एकदा तासभर डोक्यावर घालायची, म्हंजे ती जित्ती ऱ्हाते. बिल्डिंग झाली की मी घेऊन जाईन." कोणी नाही म्हणालं नाही. नवऱ्याचं डोकं कुठल्याच मापात बसेना, म्हणून आमच्या घरची हॅट माझ्या वाट्याला आली, आणि ती होती इंजिनिअरची तपकिरी. स्वतःकडे काकांनी एकही ठेवली नाही. "एकीला ठेवली तर बाकीच्यांना वाईट वाटंल," म्हणाले.

असे आम्ही पांगलो. आम्ही कामोठ्याला गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाई जासईला भाच्याकडे गेल्या. या बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि कबुतरांवरून त्यांचं काकांशी कैक वर्षं बोलणं नव्हतं, तरी नेरूळची करडी हॅट त्यांनीच मागून घेतली होती. कांद्याबटाट्याच्या मार्केटातले शेठ तळोज्याला मुलाकडे गेले. आणि दर रविवारी उघड्या डोक्याचे काका, खिशात दोन ब्रश घालून, बसनं हॅटांची तपासणी करत अख्खी नवी मुंबई फिरू लागले. शेठच्या हॅटला कांद्याचा वास येतो म्हणून त्यांनी तिला गॅलरीत टांगायला लावलं. जासईला बाई संध्याकाळी हॅट घालून फिरायला जात, आणि कंटेनरवाले ड्रायव्हर त्यांना सलाम ठोकत. "आयुष्यात विद्यार्थ्यांनी एवढा मान दिला नाही," हे त्यांनी काकांना सांगितलं आणि जेवायला थांबवून घेतलं. काका येताना एका घरचं दुसऱ्या घरी आणत. बाईंचं लिंबाचं लोणचं आमच्याकडे, आमची कोकमं शेठकडे, शेठच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी सगळीकडे. रविवारी मी पोळ्या लाटताना हॅट घालून बसायचे, म्हणजे तासही भरायचा आणि पोळ्याही व्हायच्या. खरं सांगायचं तर वाशीत एका जिन्यात राहत असताना आम्हाला एकमेकांचं इतकं कधी माहीत नव्हतं.

नव्या इमारतीच्या चाव्या मिळाल्या त्या दिवशी सगळे हॅट घालून आले. गेटवरचा नवा वॉचमन उठून उभाच राहिला. काकांचं घर आता आठव्या मजल्यावर, आणि त्यात त्यांनी भिंतभर कपाट करून घेतलं होतं, प्रत्येक हॅटला वेगळा कप्पा. ते आधी माझ्याकडे आले. मी तपकिरी हॅट काढून, कडेला धरून, अगदी नियमाप्रमाणे त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळे मिटून डोक्यावर ठेवली. आणि ती बसेना. पुढून कपाळावर आली, आणि मागे एक पोकळ फुगवटा राहिला. तीन वर्षांत तिनं माझा अंबाडा सामावून घेतला होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "काका, वाफ दिली की होईल नीट. माझं मोदकपात्र घ्या, जुनं नको, चांगलं घ्या, आत ठेवा हवी तर!" काकांनी हॅट हातात फिरवून सगळीकडून बघितली. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई "घ्या की तुमची" म्हणत होत्या आणि करडी हॅट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या. शेठ उगाच छताकडे बघत होते.

"मोडून काय करायची?" काका म्हणाले. "बसलीय ती आता. फेल्टचं असंच असतंय ताई, ज्याच्या डोक्यावर ऱ्हातं त्याचं होतं." आणि त्यांनी ती माझ्या डोक्यावर ठेवली, कड जराशी खाली दाबून, जशी ते स्वतः घालायचे तशी. कोणाकडूनच त्यांनी काही परत घेतलं नाही. "सुटले एकदाचे ससे," असं काकू म्हणाल्या खऱ्या, पण पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या. त्या भिंतभर कपाटात आता त्यांच्या पापडाचे आणि सांडग्यांचे डबे आहेत, प्रत्येकाला वेगळा कप्पा.

आता काका आमच्या वर राहतात, तरी आम्ही त्यांना खालचे काकाच म्हणतो. रविवारी सकाळी लिफ्टनं एकेक मजला उतरत ते येतात, खिशात ब्रश, डोकं उघडं. घंटा वाजवून विचारतात, "ससा हाय का घरात?" मी शनिवारीच हॅट खुंटीवरून काढून सोफ्यावर ठेवते, मुद्दाम कडेवर, चुकीची. आत आल्याबरोबर ते ओरडतात, "आवो ताई, किती वेळा सांगायचं!" आणि ते ओरडले की मला फार बरं वाटतं. पण हल्ली ते थकलेत. गेल्या रविवारी आले, हॅट बघितली, ओरडले नाहीत, नुसती उलटी ठेवली, हळूहळू ब्रश फिरवला आणि चहा न घेताच उठले. मी कप तसाच ठेवून त्यांच्या मागोमाग गेले. दारापर्यंत पोचल्यावर भिंतीला हात टेकून ते वळले.

"मुद्दाम ठेवता ते कळतंय मला," काका म्हणाले. "ठेवत जावा."