कशासाठी हवा फोटो

डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि बायकोला एकटीला आत बोलावलं, तेव्हाच मी समजून चुकलो. माझ्या डाव्या कानाखाली गाठ होती. बोराएवढी होती तोवर मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. लिंबाएवढी झाली तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी औरंगाबादला धाडलं. तिथे तपासण्या झाल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि मग हे आत बोलावणं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली. मी विचारलं, "काय म्हणले?" ती म्हणाली, "काय न्हाई. सोपं हाय म्हणले." तिचं खोटं मला लगेच कळतं, कारण तिला ते जमत नाही. आमचं गाव नेकनूर येईपर्यंत एसटीत आम्ही शेंगदाण्याच्या पुडीखेरीज कशावरही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली, "तुमचा एकट्याचा एक चांगला फोटो काढून घ्या. ऑपरेशनच्या आदी."

चहा माझ्या धोतरावर सांडला. वीस वर्षं माझा नेकनूरला स्टुडिओ. बारशापासून बाराव्यापर्यंत गावाचं असं काही नव्हतं ज्याचा फोटो मी काढला नव्हता. मतदार ओळखपत्रं निघाली तेव्हा शाळेच्या भिंतीला पांढरी चादर लावून मी आख्खं गाव टिपलं, आणि माझं स्वतःचं कार्ड तेवढं राहून गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझे फोटो नव्हते असं नाही. लग्नातला एक होता, त्यात मुंडावळ्यांमागे नाक दिसतं. एकट्याचा मात्र एकही नव्हता, आणि त्याची खंतही नव्हती.

पण एकट्याचा, चांगला आणि ऑपरेशनच्या आधी, या तिन्हींचा मेळ काय होतो ते मला माझ्या धंद्याने शिकवलं होतं. गिऱ्हाईक आलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, कशासाठी हवा फोटो? नोकरीच्या अर्जाला असेल तर कान दिसले पाहिजेत. स्थळासाठी असेल तर रंग उजळ. आणि मुलगा म्हाताऱ्या बापाला हाताला धरून आणतो आणि "असाच, घरात असावा म्हणून" असं पुटपुटतो, तेव्हा मी पुढचं विचारत नाही. साधा पडदा लावतो आणि चारी बाजूंनी जागा सोडतो, म्हणजे पुढे हार घातला तरी चेहरा झाकत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ज्यांचा फोटोच काढलेला नसतो ती माणसं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, आणि बसलेल्या अवस्थेतच माती देतात. तेव्हा मला बोलावणं यायचं. मागून कुणीतरी डोकं धरायचं, मी हनुवटी दोन बोटांनी सरळ करायचो, फोटो घ्यायचो. मग स्टुडिओत कृष्णधवल प्रिंटवर बारीक ब्रशाने मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढायचो. आम्ही त्याला डोळे उघडणं म्हणायचो. या कामात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. एका म्हातारीने आपल्या नवऱ्याचा असा फोटो बघून म्हटलं होतं, "जित्तेपनी बी असं बघत नव्हते." मी ते वर्षानुवर्षं कौतुक म्हणून सांगत आलो होतो. त्या सकाळी पहिल्यांदा मला त्याची शिसारी आली.

आधी मी स्वतःच प्रयत्न केला. कॅमेरा स्टँडवर लावला, आपोआप फोटो घेणारी त्याची चावी फिरवली आणि धावत जाऊन खुर्चीवर बसलो. टिकटिक सुरू झाली. शटर वाजायच्या आत मी उठून उभा राहिलो. दुपारभर तीन वेळा हेच केलं. शेवटी दुकानाचं शटर ओढून बायकोला म्हटलं, "चल बीडला. उस्तादकडे काढतो."

ज्यांच्याकडे मी हा धंदा शिकलो ते उस्ताद तेव्हा सत्तरीला टेकले होते. बाकीच्यांनी कलर लॅब टाकल्या, काचेची दारं लावली. उस्ताद आपले जुन्या गल्लीत, अंधाऱ्या खोलीत, गळ्यात लटकवून वरून बघायच्या त्या जुन्या पेटीकॅमेऱ्याशी इमान राखून होते. मला बघून ते खूश झाले. बायकोला आत बाकावर बसवलं, आणि सवयीने मला विचारलं, "कशासाठी पायजे फोटो?"

"असाच," मी म्हणालो. "घरात असावा म्हणून."

उस्तादांनी माझ्या कानाखाली बघितलं, मग बायकोकडे. जाऊन बागेच्या चित्राचा पडदा गुंडाळला आणि साधा करडा पडदा सोडला. तो पडदा का सोडतात हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

खुर्चीवर बसलो. दोन्ही दिवे तोंडावर आले. मी लोकांना हजारो वेळा म्हटलं असेल, खांदे सैल सोडा, श्वास घ्या, काही होत नाही. किती निर्दयपणे म्हणत होतो ते तेव्हा कळलं. हात कुठे ठेवायचे ते सुचेना. उस्ताद जवळ आले आणि त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली. त्यांची बोटं गार होती. मी किंचाळणारच होतो.

"हालू नको बे," उस्ताद म्हणाले. तीन फोटो घेतले. आम्हाला चहा पाजून ते आतल्या खोलीत फिल्म धुवायला गेले. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मला तिचा राग आला. मी मरणार हे हिला ठाऊक आहे आणि ही फोटोची तयारी करते आहे, असं मनात येत होतं, आणि ते तोंडावर बोलायची हिंमत नव्हती.

उस्ताद ओले प्रिंट घेऊन बाहेर आले ते हसतच.

"वहिनी, बघा ह्याला. चाळीस वर्सांत मला गिऱ्हाइकानं डोळा मारला न्हाई. ह्यानं तिन्ही फोटोत मारला."

खरंच होतं. तिन्ही फोटोंत माझा डावा डोळा मिटलेला. उजवा डोळा कॅमेऱ्याला लावायचा, डावा मिटायचा आणि बटण दाबायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. उस्तादांचा अंगठा कधी हलणार ते मला बसल्या जागी कळत होतं, आणि त्या क्षणाला माझा डोळा आपोआप मिटत होता. फोटोग्राफरखेरीज ही चूक दुसरं कोण करणार.

"त्यात काय," उस्ताद म्हणाले. त्यांनी रंगाची बाटली आणि बारीक ब्रश माझ्यापुढे ठेवला. "तूच उघड. माझा हात आता लई थरथरतो."

मी ब्रश उचलला. उजव्या डोळ्यावरून डावा काढणं माझ्या हातचा मळ. टोक पापणीपर्यंत नेलं आणि पुढे हात जाईना. मिटलेला डोळा, सरळ केलेली हनुवटी, मागे करडा पडदा. मी ब्रश भिंतीवर फेकला.

"मी अजून मेलो न्हाई उस्ताद."

मग बायको उठली. "मरायचं कुणी म्हणलं तुमाला?"

"मग डॉक्टरनं तुला एकटीला कावून बोलावलं?"

ती रडायला लागली. रडत रडत सगळं सांगितलं. "जिवाला धोका न्हाई म्हणले. पर तोंडाची शीर त्या गाठीतनं जाती. तिला धक्का लागला तर तोंड वाकडं व्हईल, डोळा मिटणार न्हाई. तुमाला सांगितलं तर तुमी ऑपरेशन करून घेणार न्हाईत, म्हणून मीच आदी म्हणलं व्हतं, काय असंल ते मला एकटीला सांगा. मला हे तोंड ठेवून घ्यायचं व्हतं. एवढंच."

मी जगणार होतो. हुश्श व्हायला हवं होतं, आणि घटकाभर झालंही. पण मग जी भीती आली ती आधीच्या भीतीहून मोठी होती. मेल्यावर फोटो कसा आला ते बघायला मी नसतो. वाकडं तोंड घेऊन मात्र मला रोज दुकान उघडायचं होतं. ज्याने आयुष्यभर लोकांचे देवीचे व्रण पेन्सिलीने बुजवले, त्याचं तोंड बुजवायला कुणाकडे पेन्सिल नव्हती. मला लाज वाटते, पण त्या क्षणी ऑपरेशन नको असंच मला वाटलं. ती मला पुरतं ओळखून होती.

उस्तादांनी करडा पडदा ओढून काढला. मागे नुसती भिंत राहिली, पोपडे आलेली. बायकोला त्यांनी कॅमेऱ्याच्या शेजारी उभं केलं. "माझ्याकडं बघू नको. हिच्याकडं बघ. हिच्याशी बोल."

"काय बोलू?" मी तिला म्हटलं. "मला लई भ्या वाटतंय."

"मला बी," ती म्हणाली. तेवढ्यात फोटो निघाला, आणि तो कधी निघाला हे मला कळलं नाही. त्यात दोन्ही डोळे उघडे आहेत आणि माणूस घाबरलेला आहे. मी त्यावर ब्रश फिरवायला निघालो तर तिने फोटो माझ्या हातातून काढूनच घेतला.

ऑपरेशन चार तास चाललं. गाठ साधी निघाली. आठव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा डावी बाजू जड लागत होती, कुणाची तरी दुसऱ्याची असावी तशी. वॉर्डात आरसा नव्हता. असता तरी मी मागितला नसता. बायको समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती, घाई न करता, इकडून एकदा आणि तिकडून एकदा. मी तिला विचारलं, कसं दिसतंय. माझ्या ओठातून शब्द नीट निघत नव्हते.

"तुमीच हाईत," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. तोंडाची उजवी बाजूच तेवढी हलली, डावी गप्प राहिली. तिने पदराने दोन्ही बाजू पुसल्या.