सुताराच्या घरातली वाळवी

तिला घरात सगळे वाळवी म्हणत. नाव ठेवलं होतं धाकट्या भावाने. "बाबा जन्मभर लाकडाला वाळवी लागू नये म्हणून धडपडले, आणि घरातच एक निपजली," असं तो पाहुण्यांना सांगायचा. ही पुस्तकं खायची, म्हणून वाळवी. तिला राग येत नसे. उलट जरा बरंच वाटे.

शर्टाच्या कारखान्यात ती तपासनीस होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून पाहायची, सुटलेला टाका दिसला की त्यावर खडूने फुली मारायची. पंचवीस वर्षांत तिच्या हातून खोट निसटली असं कुणी म्हणू शकलं नव्हतं. घरी आली की पुस्तक. गोष्टीची पुस्तकं तिला चालत नसत. "नसलेल्या माणसांच्या लग्नाची उठाठेव मी कशाला करू?" ज्वालामुखी, मिठाचा इतिहास, पूल कसे बांधतात, मेंदू कसा चालतो, असलं सगळं ती वाचायची. वर्षाला चाळीस पुस्तकं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. संपलं की वहीत नाव लिहायचं आणि पुढचं आणायचं.

एके दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी काहीतरी मागायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. शब्द येईना. कप हातातून सुटला. दवाखान्यात सतरा दिवस गेले. हात सुधारला, पाय चालू लागले. बोलणं मात्र अडकलं ते अडकलंच. समजत सगळं होतं, पण 'पाणी' म्हणायला गेले की घशातून नुसता आवाज यायचा. फक्त एक शब्द साजूक तुपासारखा स्वच्छ यायचा, "गाढव!" तो त्यांनी मोठ्या डॉक्टरांना तोंडावर ऐकवला.

भावजय हसू दाबत बाहेर आली, आणि बाहेर आल्यावर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "वन्सं, तुम्ही एवढं वाचता. शिवी येते आणि पाणी का येत नाही हो?"

"उद्या बघून सांगते," वाळवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली आणि मेंदूवरचं पुस्तक मागितलं. ग्रंथपालबाईंनी नोंद पाहिली. "हे तुम्ही नेलंय की. दीड वर्ष झालं."

तिथेच उभ्या उभ्या तिने पानं उलटली. सहावं प्रकरण नेमकं यावरच होतं, बोलणं गेलेल्या माणसांवर. ते तिने वाचलं होतं, वहीत पुस्तकाचं नावही होतं. आणि त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी! चाळीस पुस्तकं गुणिले इतकी वर्षं, हा हिशेब तिने मनात सुरू केला आणि लगेच सोडून दिला.

घरी येऊन तिने आधी कागद घेतला आणि भावजयीचा प्रश्न वर लिहिला. मग पहिली पाच प्रकरणं सोडून थेट सहावं काढलं. पानं सोडताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"ऐक. मेंदूत शब्द जुळवायची जागा असते, तिला इजा झाली. पण शिव्या, आकडे, वारांची नावं हे तोंडात बसलेलं असतं. ते जुळवावं लागत नाही, म्हणून—"

"म्हणून काय? ते कुठून येतं मग?" भाजी चिरता चिरता भावजयीने विचारलं.

"म्हणजे... थांब." ती परत पुस्तकाकडे गेली. अशा तिच्या तीन फेऱ्या झाल्या. चौथ्यांदा भावजय म्हणाली, "आता कळलं." वाळवी मनात म्हणाली, मलाही आत्ताच कळलं.

पुस्तकात लिहिलं होतं की अशा माणसांना गाणं म्हणता येतं, गाण्यातून शब्द बाहेर येतात. तिने रोज संध्याकाळी जुनी गाणी लावली. बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांनी उभ्या आयुष्यात कधी गुणगुणलं नव्हतं, ते आता काय गाणार? आठव्या दिवशी तिने कागदावर लिहिलं, "हे आमच्याकडे लागू नाही." छापलेल्या गोष्टीला नाही म्हणण्याची ही तिची पहिली वेळ. लिहून झाल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं.

मग तिने विचार केला, बाबांच्या तोंडात काय बसलेलं असेल? पन्नास वर्षं ते काय बोलले? वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना तिने विचारलं, सुतारकामाची हत्यारं हातात दिली तर? त्या म्हणाल्या, "करून बघा. धारेची हत्यारं हातात देताना तेवढं सांभाळा."

तिने माळ्यावरची हत्यारांची पेटी उतरवली. बाबांनी रंधा हातात घेतला, फळीवर फिरवला, पण बोलले नाहीत. चार दिवस नुसत्या ढलप्या निघाल्या. पाचव्या दिवशी ती कामावरून दमून आली होती. न बघता तिने लाकूड कोरायची पटाशी उचलली आणि म्हणाली, "बाबा, ही कानस कुठे ठेवू?"

बाबांचा चेहरा लाल झाला. सुताराच्या मुलीने पटाशीला कानस म्हणावं? "प... पटाशी!" ते ओरडले. "गाढव!"

भावजय हातातलं काम टाकून धावत आली. वाळवीने मात्र पटाशी खाली ठेवली. मग तिने मुद्दाम करवत उचलली. "आणि हा रंधा?"

"करवत!"

त्या दिवसापासून घरात सगळे ठरवून चुकू लागले. दाराला खिडकी म्हणायचं, बशीला वाटी. धाकटा भाऊ तर इतकं मन लावून चुकायचा की बाबांना दम लागायचा. वर्षभरात दीडेकशे शब्द परत आले. पूर्वीसारखी सलग वाक्यं मात्र आली नाहीत, आणि येणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुलीला हाक मारताना अजूनही त्यांना तीनदा थांबावं लागतं.

उपचार करणाऱ्या बाईंनी तिला दर शनिवारी बोलावलं, दुसऱ्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलायला. ती जाते. सुरुवातीलाच सांगते, "आमच्याकडे गाणं चाललं नाही, तुमच्याकडे चालेलही. पुस्तकात आहे ते आधी करून बघा, मग आपलं माणूस बघा."

वाचन आता वर्षाला नऊ-दहा पुस्तकांवर आलंय. वहीत पुस्तकाच्या नावापुढे तिचा प्रश्न असतो आणि खाली मिळालेलं उत्तर. काही ठिकाणी 'पटलं नाही' एवढंच. मागच्या महिन्यात तिने मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, चित्रंही छान होती. दोन दिवस ते टेबलावर पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने ते न वाचताच परत केलं.

"आवडलं नाही का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"तसं नाही हो," ती म्हणाली. "सध्या मला मधमाश्यांना विचारण्यासारखं काही नाही."