प्रार्थनेत मागितलेला रोवणा

मूल गावाच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं, मोटारसायकल घसरली आणि बाबांच्या मांडीचं हाड मोडलं. त्यांना ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात ठेवलं. आई त्यांच्याजवळ राहिली. घर, शेळ्या आणि धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, माझ्या गळ्यात पडली.

प्रार्थनेनं पोट भरत नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या चर्चच्या बाया पाहिलेल्या नाहीत. रोज कुणीतरी डबा घेऊन दारात उभी. खाऊन खाऊन मी जाड झाले. पण रात्री झोप लागत नव्हती, कारण परे म्हातारे होत चालले होते. परे म्हणजे धानाची रोपं. वेळेत उपटून चिखलात रोवली नाहीत तर त्यांना फुटवे येत नाहीत आणि वर्षाचा भात जातो. रोवणा साऱ्या गावाचा एकाच वेळी असतो, त्यामुळे मजूर मिळणं म्हणजे देव भेटणं. बाबा फोनवर विचारायचे, "परे कसे हायेत?" मी सांगायची, "मस्त." दुसरं काय सांगणार?

आमच्याकडे रविवारी उपासनेत विनंतीची वेळ असते. ज्याला प्रार्थना हवी तो उभा राहून सांगतो. आजारपण, परीक्षा, सोयरीक. त्या दिवशी मी उठले ती तणतणतच. "बाबांसाठी तुम्ही सारे करताच. आज पऱ्यांसाठी करा. दोन-तीन दिवसांत रोवले नाहीत तर गेले समजा."

कुणीतरी खोकलं. पाळकांनी बायबल मिटलं. "ह्या विनंतीले डोळे मिटून भागनार नाई," ते म्हणाले. "चला."

प्रवचन झालंच नाही. आमच्या पाळकांच्या लांबलचक प्रवचनांची ख्याती माहीत असलेल्यांना हा चमत्कार कळेल.

प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायचा रविवार, त्यामुळे बाया पांढऱ्या लुगड्यांत. तशाच कासोटा घालून चिखलात उतरल्या. निम्मे लोक मास्तर, नर्स, ड्रायव्हर. ज्यांनी लहानपणी कधीतरी रोवलं होतं. आमचे लोक एकत्र जमले की गाणार, हे ठरलेलंच. एकीनं गीत सुरू केलं. पण ते उपासनेचं, लांब लांब सूर ओढायचं. हातही त्याच सुरानं चालू लागले. एक ओळ गायची, एक रोप लागायचं.

शेजारच्या बांधीत आमच्या घरालगतच्या काकू रोवत होत्या; त्या चर्चच्या नाहीत. त्यांचं घर तलावातल्या मासोळीवर आणि मजुरीवर चालतं, आणि गावच्या रोवण्याची गाणी त्याच उचलतात. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं, मग कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काऊन बाई, हे गानं संपेपरेंत धान पिकून जाईन ना! बोल तुमचेच ऱ्हाऊ द्या, चाल माही घ्या."

सगळ्यांनी पाळकांकडे पाहिलं. पँट गुडघ्यावर, हातात पऱ्यांची जुडी. येशूचं नाव रोवण्याच्या चालीवर घ्यायचं की नाही, हे त्यांना चिखलात उभं राहून ठरवायचं होतं.

"देवाले दोन्ही चाली येतात," ते म्हणाले. "हात चालवा."

काकूंनी आपली बांधी सोडून आमच्यात येऊन सूर धरला. त्यांच्यामागे त्यांच्या बायाही आल्या. काय धमाल! दिवस मावळायच्या आत शेवटची बांधी हिरवी झाली. मला इतका आनंद झाला की मी कुणालाच नीट धन्यवादही दिले नाहीत, नुसती हसत सुटले.

बाबांना घरी आणलं तेव्हा रोपांनी चांगला जीव धरला होता. त्यांनी जीप शेतापाशी थांबवायला लावली. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओळी पाहिल्या.

"कोनं रोवलं? साऱ्या ओळी वाकड्या-तेड्या."

"आपल्या चर्चच्या मंडळीनं. अन् काकूनं."

त्यांचे डोळे भरून आले. "मी तं यंदाचं धान मनातून सोडूनच देल्लो होतो, पोरी. तू मस्त म्हनायची, पन मले समजत होतं." मग दार ढकलून म्हणाले, "उतरव मले."

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते आई सांगू लागली. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरलं, आणि बाबा शेताच्या कडेला धुऱ्यावर आपल्या पायांवर उभे राहिले.