सोळा मात्रा गप्प

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शाबासकी द्यायला नको. डायलिसिसच्या रुग्णांना रोज जाड सुया टोचते, तेव्हा हात कापत नाही. पण दारावर थाप पडली की आधी दाराच्या भोकातून दोनदा बघते आणि मग दार उघडते. कुवेतला आल्यापासून हे जास्तच वाढलं. परक्या घरी पाहुणे राहिल्यासारखं वागायची इथे सवय लागते. दार हळू लावायचं, खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची, फोनवर आईशी बोलतानाही आवाज खाली. अशा बाईने ताशा वाजवावा, याचं माझ्या नवऱ्याला अजून हसू येतं.

ताशाकडे मला आणलं ते आमच्या ढोल-ताशा पथकाच्या दादांनी. दादा म्हणजे साठीकडे झुकलेले पुण्याचे गृहस्थ, राहायला रिग्गईत, काम हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करण्याचं. नवरा यायच्या आधीचं पहिलं वर्ष मी इथे एकटी होते आणि ड्युटी संपली की खोलीत जाऊन रडायचे. एकदा ते आमच्या वॉर्डातलं मशीन उघडून बसले होते आणि मी शेजारी एका म्हाताऱ्या बाईला सुई लावत होते. तिला कळलंसुद्धा नाही. दादा म्हणाले, "हात फार हलका आहे तुझा. शुक्रवारी मंगफला ये." का, कशाला, काही सांगितलं नाही. मी गेले, त्यांनी हातात दोन काड्या दिल्या, आणि त्यानंतर शुक्रवारची वाट बघण्यात आठवडा निघायला लागला. त्या शुक्रवारांनी मला वाचवलं, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

सराव मंगफला पथकातल्या एकाच्या फ्लॅटमध्ये चालतो, आणि फ्लॅटमध्ये ढोल वाजवता येत नाही, हे उघड आहे. एकदा कुणाच्या तरी हातून खऱ्या ढोलावर एकच टोला पडला, तर इमारतीचा रखवालदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, वर येऊन दारात उभा राहिला. आम्ही अठरा माणसं त्याच्याकडे बघत राहिलो आणि तो गेल्यावर ढोल चादरीत गुंडाळून ठेवला. तेव्हापासून आमचा सराव गाद्यांवर. ढोलवाले गादीची वळकटी पोटाशी घेतात, ताशेवाले सोफ्याच्या उशा मांडीवर ठेवतात, आणि सगळा हात, म्हणजे वाजवायचा ठेका, असा ठपठप बसवला जातो. खरी वाद्यं बाहेर निघतात ती वर्षातून दोन-तीनदा, खैरानला समुद्राकाठी एखादं शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, दिवसभरासाठी घेतो तेव्हा. तिथे वाजवलेलं सगळं वाऱ्यावर समुद्राकडे निघून जातं.

दरवर्षी हिवाळ्यात इथल्या भारतीय मंडळांची तालवाद्यांची स्पर्धा असते. केरळचे चेंडावाले, पंजाबी ढोलवाले, आणि आम्ही. निम्मे गुण परीक्षकांचे, नवीन काय केलं याचे. निम्मे प्रेक्षकांच्या चिठ्ठ्यांचे. या दोन निम्म्यांनी आमच्या पथकाचे दोन तुकडे करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. एका वर्षी आम्ही नुसता नाचायचा हात वाजवला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले आणि परीक्षक घड्याळ बघत बसले. पुढच्या वर्षी दादांनी पाच आणि सात मात्रांचं अवघड काम बसवलं. परीक्षकांच्या माना डोलल्या आणि लोक समोसे खायला बाहेर गेले. दोन्ही वेळा आम्ही तळाला.

तिसऱ्या वर्षी दादांनी नवीन रचना आणली. पहिली चार मिनिटं लोकांना हवं तसं, पाय थांबणार नाहीत असं. मग एका टोल्यावर सगळं बंद. सोळा मात्रा पूर्ण गप्प, कुणी बोटसुद्धा हलवायचं नाही. आणि त्यातून एकटा ताशा, अगदी बारीक, हळूहळू वाढत जाणारा.

"लोका नाचूक येतत, दादा," आमचा सगळ्यात दणकट ढोलवाला म्हणाला. तो मालवणकडचा सुतार, कॉन्ट्रॅक्टवर आलेला, चार जणांत एका खोलीत राहणारा. "आमी गप रवलो तर लोका उठान जातली."

"गेले तर जाऊ देत," दादा म्हणाले. "हे पडलं तर पुढच्या वर्षीपासून मी काही बसवणार नाही. लोकांना हवं ते वाजवा, मी घरी बसतो."

दादा चिडून बोलत नव्हते, म्हणून मी जास्त घाबरले. ते घरी बसले तर पथक काही महिन्यांत विस्कटेल हे सगळ्यांना माहीत होतं. माझे शुक्रवार जाणार होते. मी काही बोलणार तेवढ्यात ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "शांततेनंतर ताशा तू उचलायचास."

मी नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. ते म्हणाले, माणसांच्या शिरा शोधतेस, सोळापर्यंत मोजता येणार नाही होय? मी विचारलं, निदान हाताने खूण तरी कराल ना? तर म्हणे नाही, खूण केली की लोकांना कळतं सगळं ठरवलेलं आहे, मग त्या शांततेत काय राहिलं? ते मान खाली घालून उभे राहणार होते.

तीन महिने मी सोळा मोजले. अंघोळ करताना, बसमध्ये, मशीनच्या बीपबरोबर. उशीवर माझी एकदाही चूक झाली नाही. खैरानलाही झाली नाही. दादा खूश होते, पण मी नव्हते, मला आतून सारखं वाटत होतं की यात काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते स्टेजवर गेल्यावर कळलं.

त्या दिवशी सकाळपासून मला काही खाववलं नाही. शाळेचा मोठा हॉल, गच्च भरलेला, त्यात अर्ध्याहून जास्त केरळची मंडळी, आमच्या वॉर्डातल्या दोन सिस्टरही. पडदा उघडला आणि पहिली चार मिनिटं कशी गेली ते आठवत नाही. लोक नाचत होते एवढं दिसलं. मग तो टोला पडला. ढोलवाल्यांनी ठरल्याप्रमाणे ढोलाच्या पानांवर, त्या ताणलेल्या कातड्यावर, पंजे दाबले. आणि आवाज थांबलाच नाही.

गादीवर टोला पडला की तिथेच मरतो. खैरानला तो वाऱ्यावर जातो. बंद हॉलमध्ये बारा ढोलांचा टोला छतावर गेला, मागच्या भिंतीवर आपटला आणि परत आमच्या अंगावर आला. आधीच्या दोन वर्षी आम्ही मध्ये थांबलोच नव्हतो, त्यामुळे आमच्यातल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. मी एक म्हटलं, आणि तो आवाज परत आल्यावर पुन्हा एक म्हटलं. खरा एक कोणता? तोवर लोकांना वाटलं संपलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या झाल्या. काही जण उठायला लागले. माझे सोळा कुठल्या कुठे गेले.

मी दादांकडे बघितलं. मान खाली. ते ठरल्याप्रमाणे उभे होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला. टाळ्या विरत गेल्या. आता सगळा हॉल आमच्याकडे बघत होता, आणि उठलेली माणसं उभ्यानेच थांबली होती. माझ्या हातातल्या काड्या ताशाच्या वर चार बोटं अधांतरी होत्या आणि त्या खाली येईनात. खोटं सांगत नाही, मला ताशा कसा वाजवतात तेच आठवेना. वॉर्डात सगळं शांत झालं की आम्ही धावतो, कारण काहीतरी बिघडलेलं असतं. इथे धावायला जागा नव्हती. दादा घरी बसणार, ते माझ्यामुळे, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. समोर एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. मग तेही गप्प झालं.

तेव्हा माझ्या अगदी मागून, ओठ न हलवता बोलल्यासारखा आवाज आला.

"बाय, वाजव गो."

तो मालवणचा सुतार होता. माझे हात खाली आले. काड्या इतक्या हलक्या लागल्या की मलाच ऐकू येईना, पण त्या गप्प हॉलमध्ये तेवढंही मागच्या रांगेपर्यंत गेलं असणार. उभी असलेली माणसं हळूच खाली बसली. पुढचं सगळं बसवल्याप्रमाणे झालं.

आम्ही दुसरे आलो. चेंडावाले पहिले, आणि ते बरोबरच होतं. चिठ्ठ्यांत मात्र आम्हीच पुढे होतो. दुसऱ्या दिवशी वॉर्डातली सिस्टर मला म्हणाली, "मैं तो डर गई थी. लगा तुम भूल गई." आणि पुढे म्हणाली की तेवढंच तिला आठवतंय, आधीचं नाचायचं काहीच नाही. दादांनी व्हिडिओ चारदा बघितला. शांतता मोजली तर चाळीसच्या वर मात्रा भरल्या. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला सहन होईना. "सोळा कमीच होत्या," ते म्हणाले. "तुला बरोबर कळलं. कुठे थांबायचं ते शिकवता येत नाही."

त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ते इतके आनंदात होते, आणि घरी बसण्याचं नावही काढत नव्हते. मी गप्प बसले.

या वर्षी त्यांनी वहीत सोळाचा आकडा खोडून त्याजागी लिहिलंय, ताशाला वाटेल तेव्हा. दर शुक्रवारी मंगफला आम्ही गाद्या-उशांवर त्या शांततेपर्यंत येतो, थांबतो, आणि सतरा माणसं माझ्याकडे विश्वासाने बघतात. मी मनात चाळीस मोजते आणि चेहरा असा ठेवते की काही मोजत नाही. मला कधी वाटतं, त्या दिवशी मी थिजले होते हे मला एकटीलाच ठाऊक. पण एकटीला नाही. सुताराला ठाऊक होतं, आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपलं. तो गावी गेला तो कायमचा.

गेल्या आठवड्यात मी त्याला फोन केला. पलीकडे करवतीचा आवाज होता. मी विचारलं, त्या दिवशी वाजव म्हणालास, ती वेळ झाली हे तुला कशावरून कळलं?

"माका खय म्हायत?" तो म्हणाला. "माका भिया वाटला, म्हणान बोललंय."

परवा स्पर्धा आहे. माझ्या मागे या वेळी एक नवा ढोलवाला उभा राहणार, लॅब टेक्निशियन, सोलापूरचा, अजून चार वाक्यंही आम्ही बोललेलो नाही. काल जादाच्या सरावानंतर चपला घालताना मी त्याला बाजूला घेतलं. शांततेचं वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की तिथे उभं असताना तुला भीती वाटली, तर लाजू नकोस, मला हळूच हाक मार.