राजघराण्यातल्या सुना

माझी लेक रेवा स्वतःच रचलेल्या एका राज्यावर लेख लिहिते. काल त्याला राजघराण्याची वंशावळ जोडत होती. मला काहीतरी खटकलं. इतक्या पिढ्यांत एकाही सुनेचं नाव लग्नात बदललं नव्हतं.

"तुमच्याकडे तांदळात नवं नाव लिहीत नाहीत वाटतं?"

"नाही गं आई. उगाच कशाला?"

उत्तर जरा जास्तच सहज आलं. खोट्या माणसांची नाती कुणी इतकी जपून जुळवू लागलं, की खऱ्या घरात काय बोलायचं राहिलंय ते बघावं. पुढच्या महिन्यात हिचं लग्न आहे. हिच्या होणाऱ्या सासूबाईंनी हिचं नवं नाव निवडून ठेवलंय.

"राण्यांच्या आडून बोलू नकोस. सासूबाईंना फोन लाव."

"तू लाव ना."

मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात सगळ्यात वरच्या राणीच्या चौकटीत माझं लग्नाआधीचं नाव दिसलं.

मी फोन उचलला.