आशीर्वादाआधीचा मणी

येरेवानमध्ये मी अनाहितमावशींच्या घरी राहतो. ऑगस्टातल्या एका रविवारी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद मिळेपर्यंत इथली जुनी माणसं द्राक्ष खात नाहीत. मी तासगावचा, सातवीत शाळा सोडून वडिलांच्या द्राक्षबागेत रमलेला. काल अंगणातल्या वेलीचा एक मणी सवयीनं तोंडात टाकला.

"देवाच्या आधी जेवलास?" मावशी म्हणाल्या.

"गोडी बघितली, मावशी."

"मग सांग की. मला रविवारपर्यंत कळायचं नाही."

त्या हसल्या आणि माझी चिडचिड झाली. मावशींचं गाव, त्यांची बाग आता सरहद्दीपलीकडे आहे. तिथली द्राक्षं दुसरेच तोडतात. किती राज्यं या लोकांवरून गेली, तरी देवाचा पहिला घड यांनी चुकवला नाही. देवानं यांचं काय राखलं? परक्या मला त्यांनी पोरासारखं घरात घेतलं, म्हणून जास्तच सलतं.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "छाटणीला येतोस ना?"

"पुढच्या वर्षी नक्की," मी चौथ्यांदा म्हणालो.

मावशींना मराठी येत नाही, पण वडील दर वर्षी बागेत बोलावतात हे मी त्यांना सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या बागेची वाट बंद आहे का रे?"